वजा केलेली दहा वर्षे

एकदा एका व्यापाऱ्याने आपल्या वयातून दहा वर्षे काढून टाकली. तसा सल्ला त्याला एका शिष्याने दिला होता, आणि तोही निव्वळ भलेपणाने.

हा शिष्य नदीकाठच्या एका व्यापारविद्येच्या पाठशाळेत आचार्यांच्या हाताखाली काम करी. प्रवेशाचे अर्ज तपासून ते आचार्यांपुढे ठेवणे, ही त्याची जबाबदारी. जागा पंचवीस आणि अर्ज चारशे. वयाची अट कोठेही लिहिलेली नव्हती. पण जुन्या वह्या चाळताना शिष्याला दिसले होते की गेल्या अकरा वर्षांत पस्तिशीपुढच्या एकाही माणसाला प्रवेश मिळालेला नाही. त्यावरून कोणीही जो निष्कर्ष काढील, तोच त्याने काढला होता.

अशात हा व्यापारी अर्ज घेऊन आला. एकेकाळी तांब्यापितळेची भांडी विकणारा, वय चव्वेचाळीस. त्याच्या गल्लीतल्या अकरा तांबट कुटुंबांनी एकत्र येऊन नवे दुकान काढायचे ठरवले होते, आणि ते यानेच चालवावे असा त्यांचा आग्रह होता. दुकान चालले नाही तर अकरा घरांतले हातोडे कायमचे थांबणार होते. नीट शिकल्याशिवाय मी त्या गादीवर बसणार नाही, असे तो त्यांना सांगून आला होता.

शिष्याला त्याची दया आली.

"काका, हे वय इथं निभणार नाही," तो हळूच म्हणाला. "चौतीस लिहा."

"आणि मधली दहा वर्षं?"

"त्यांत काय केलंत?"

"सुरुवातीलाच दुकान बुडालं."

"मग ती गेलेलीच बरी."

व्यापारी खोटे बोलणाऱ्यांतला नव्हता. पण अकरा घरे डोळ्यांपुढे आली आणि त्याने चौतीस लिहिले. मुलाखतीच्या दिवशी तो केसांना कलप लावून, मिशी काढून आला. मिशीखालची कातडी उन्हाने रापलेली नसल्यामुळे ओठावर गोरा पट्टा तेवढा उमटला होता. शिष्याने त्याच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. व्यापाऱ्याने सवयीने आधी तांब्याच्या बुडावर बोटाचे पेर वाजवून पाहिले आणि मग तो पाणी प्यायला.

"काका, तांब्या इकडे द्या," शिष्य म्हणाला.

आचार्यांनी एकदा शिष्याकडे पाहिले, एकदा अर्जाकडे, आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली.

"माल कधी अंगावर पडला आहे?"

"नाही," व्यापारी म्हणाला. चौतिसाव्या वर्षापर्यंत खरोखरच पडला नव्हता.

"बाजार पालटला आणि आपल्याला तो कळलाच नाही, असं कधी झालं?"

"नाही."

"इथले विद्यार्थी विशी-बाविशीचे असतात. त्यांच्यापैकी एखाद्यानं चारचौघांत तुमची चूक दाखवली तर?"

"असा प्रसंग आला नाही," व्यापाऱ्याने खाली पाहत सांगितले.

शिष्याच्या मनात आले, आपल्यामुळेच हा माणूस मुका झाला आहे. आता बोलायची सोय त्यालाही नव्हती.

आचार्यांनी अर्जाची घडी घातली आणि तो परत केला. "या अर्जातल्या गृहस्थांना जागा देता येणार नाही," ते म्हणाले. "मात्र तुमच्याबरोबर आणखी एक जण आलेले आहेत. बराच वेळ दाराबाहेर उभे आहेत. त्यांना आत पाठवा."

शिष्य तत्परतेने बाहेर जाऊन पाहून आला. बाहेर कोणीच नव्हते. बाकावर एक मांजर तेवढे झोपले होते. आचार्यांचे आता वय झाले, असेही क्षणभर त्याला वाटून गेले. "आचार्य, बाहेर कोणी नाही," तो म्हणाला.

"आहेत," व्यापारी म्हणाला. तो उठला, बाहेर गेला आणि थोड्या वेळाने दार ढकलून पुन्हा आत आला. त्याने अर्ज उघडून चौतिसावर रेघ मारली.

"मी चव्वेचाळीस वर्षांचा आहे," त्याने उभ्यानेच सांगितले. "स्टीलची भांडी बाजारात आली तेव्हा मी हसलो होतो. दोन वर्षांत माझं दुकान बंद झालं आणि कोठारभर पितळ अंगावर पडलं. मग त्याच स्टीलवाल्याच्या दुकानात मी हमाली केली. मालक बावीस वर्षांचा होता. रोज गिऱ्हाइकांदेखत माझ्या चुका काढायचा, आणि निम्म्या वेळा त्याचंच बरोबर असायचं. मला दुकान बुडवता येतं. उभं कसं ठेवायचं, ते शिकायला आलो आहे."

आचार्यांनी त्याला बसायला सांगितले.

"वयाचे इथं गुण मिळत नाहीत आणि कापलेही जात नाहीत," ते म्हणाले. "मात्र वय वाढलं की दोन शंका माझ्या मनात येतात. पुढं वर्षं थोडी उरली आहेत, ती हा माणूस कशासाठी खर्चणार? आणि लहानांपुढं याची मान वाकेल का? या शंकांची उत्तरं त्याच्या मागच्या वर्षांत असतात. पण पस्तिशीपुढचे जे माझ्याकडे आले, त्यांच्यापैकी काही जण मलाच शिकवायला आले होते, आणि बाकीचे तरुण होऊन आले. तरुण मला चारशे मिळतात, आणि ते खरे तरुण असतात."

शिष्याची मान खाली गेली. "चूक माझी आहे, आचार्य. मीच त्यांना वय कमी करायला सांगितलं."

"ते मला मघाशीच कळलं. चौतीस वर्षांच्या माणसाला तू काका म्हणालास." आचार्य किंचित हसले. "दहा वर्षं काढायला सांगितलीस. कोणती काढतो आहेस, ते पाहिलं असतंस तर सांगितलं नसतंस."

आचार्यांनी खूण करताच शिष्याने प्रवेशाची वही उघडली आणि व्यापाऱ्याच्या नावापुढे चव्वेचाळीस हा आकडा स्वतःच्या हाताने लिहिला. पस्तिशीपुढचा आकडा त्या वहीत अकरा वर्षांनी पडत होता. शाई वाळेपर्यंत तो त्याकडे पाहत राहिला. आजवर परत गेलेल्यांपैकी कितीजण असे दाराबाहेरच उभे राहिले असतील, याचा त्याला हिशेब लागेना.