आनशीबायची माती

दोष विसाजी खोताचा होता. गावातले म्हातारे अजून "काळच तसा होता" म्हणत त्याला सांभाळून घेतात. काळ नव्हता तसा. खोत तसा होता.

फार मागे, करवंदवाडीचा सडा, म्हणजे वाडीवरचं पठार, नुसता काळा कातळ होता, तेव्हाची ही गोष्ट. आनशीबायचा नवरा वारला आणि खोताने तिला तोच कातळ दाखवला. "गणपतीपर्यंत यावर काही उगवलं तर जागा तुझी. नाहीतर गाव सोड." पंचांनी माना डोलावल्या. त्यांचं काय जात होतं?

माती नव्हती, म्हणून आनशीबाय माती करायला बसली. दारोदार जाऊन भाजीची देठं, केळीची सालं, अंड्यांची टरफलं मागायची आणि कातळाच्या खळग्यात सुक्या पाल्याबरोबर थरावर थर लावायची. तेलकट, खारट आणि हाडकं मात्र परत करायची. "हे माझ्या मातीला पचत नाय गे." ऐन थंडीत त्या खळग्यातून वाफ निघायची आणि बाया तिच्यावर हात शेकायच्या, असं म्हणतात.

मग खोताकडे लग्न निघालं. भांडी मोकळी हवीत म्हणून त्याने खारातल्या फणसाच्या गऱ्यांचे जुने माठ मिठाच्या पाण्यासकट तिच्या खळग्यात ओतायला घेतले.

"खोतानू, मीठ मातीला मारतं."

"आमच्या आजाने उकिरड्यातच टाकलं, बापाने तिथंच टाकलं. तू मला शिकवणार?"

"मग उरलेलं तुमच्या दारच्या आंब्याला घाला."

"घालतोच."

आणि सगळ्यांदेखत त्याने उरलेले माठ आंब्याच्या बुंध्यात रिकामे केले. पंच वा वा म्हणाले.

आनशीबायने नासलेला खळगा खरवडून काढला, धुतला आणि पुन्हा भरायला घेतला. या वेळी दारोदार जावं लागलं नाही. बाया आपणहून टोपल्या घेऊन आल्या. माती दुधासारखी उतू गेली, कातळभर पसरली, असं म्हणतात. गणपतीला तिथे भोपळ्याचा वेल फुलला आणि त्याच्या एका पानाच्या सावलीत अख्खी वाडी जेवली, असंही म्हणतात. थोडं वाढवून सांगत असतील. पण आनशीबाय तिथेच राहिली, तिथेच म्हातारी झाली, आणि सडा आज हिरवागार आहे.

करवंदवाडीत नव्या सुनेच्या हाती अजून आधी आनशीची टोपली देतात. सालं, देठं, टरफलं आत. खार, तेल, हाडकं बाहेर. गणपतीच्या आदल्या दिवशी ती टोपली घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या पुरुषाने डोक्यावरून सड्यावर न्यायची. कुरकुरतात, पण नेतात.

खोताचा आंबा दिवाळीच्या आत वाळला. त्या जागी त्याचं दुसरं झाड कधी जगलं नाही.