दहा लाख एकाचा दरवाजा

एका राज्यात माणसांपेक्षा आकड्यांचा मान मोठा होता. त्या राजाने भर दरबारात धूम्राक्ष जादूगाराला अडाणी म्हटलं. जादूगाराने राजाला काही केलं नाही. राजाची सात वर्षांची लेक इंदुलेखा उचलली, दगडी मनोऱ्यात ठेवली, दाराला तीन अडसर घातले आणि दारावर संख्या कोरली : दहा लाख एक.

"या संख्येची तीन गुपितं सांगा. दार उघडेल," एवढं बोलून तो धूर झाला.

राज्यातले पंडित जमले. संख्या उलटसुलट सारखीच वाचता येते, म्हणाले. पहिला अडसर पडला. अंकांची बेरीज दोन, म्हणून तीन तिला भागत नाही, दुसरा पडला. उरलं तिला नि:शेष भागणारा शोधणं. थोरले आचार्य वाचस्पती भागत भागत सत्त्याण्णवपर्यंत आले आणि तिथेच त्यांचा श्वास संपला.

गुरू थांबला त्यापुढे शिष्याने पाऊल टाकू नये, असा तिथला दंडक. शिष्यांनी संख्येखाली 'अविभाज्य' असं कोरलं, हात जोडले आणि जेवायला गेले.

अकरा वर्षं गेली. दोरीने टोपली वर येई, रिकामी खाली जाई. इंदुलेखा भिंतीशी बोले. भिंत ऐकून घेई.

एका दुपारी खिडकीत भारद्वाज पक्षी बसला.

"सत्त्याण्णवच्या पुढे कोण राहतं गं?"

"कोणी नाही. आचार्य सांगून गेले."

"आचार्य गेले. आकडे कुठे गेले?"

इंदुलेखाने कोळसा उचलला. अठ्ठ्याण्णव सम, संख्या विषम, जमणार नाही. नव्व्याण्णव तिनाच्या घरातला, तोही नाही. शंभराने एक बाकी ठेवली. मग एकशे एक. तिने भाग लावला. नऊ हजार नऊशे एक आले. बाकी शून्य.

तिने पुन्हा भागलं. शून्यच.

"चार पावलं!" ती ओरडली. "अरे, चार पावलं होती फक्त!"

"एकशे एक," तिने दाराला सांगितलं. तिसरा अडसर पडला.

खाली पांढऱ्या दाढ्यांची रांग उभी होती. पुढे वाचस्पतींचा पट्टशिष्य सोमदत्त.

"राजकन्ये, परंपरा होती."

"माझं बालपण होतं, आजोबा. छिन्नी आणा. तो खोटा शब्द तुम्हीच खरवडा."

म्हाताऱ्याने खरवडला. शाप सुटला, मनोरा मातीत मिळाला. राजाने दवंडी पिटवली : गुरू थांबेल तिथे शिष्याने आधी पुढचं पाऊल टाकावं, मग वळून नमस्कार करावा.

त्या संध्याकाळी वाड्यात पंगत बसली. इंदुलेखाच्या एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला बाप. दोघंही एकदमच बोलू लागले. आधी कुणाकडे पाहायचं, ते तिला कळेना. ती पानाकडे बघत राहिली, आणि दोघं गप्प होऊन तिचं जेवण संपायची वाट पाहत बसले.