खाणीचा मुरूम कुठं गेला

टीव्हीवर हरवलेले खजिने शोधणारा देवव्रत साहेब आमच्या डोंगरावर आला आणि म्हातारी माणसं सांगतात त्या गोष्टीतली जुनी सोन्याची खाण इथंच आहे म्हणाला. खाणीचं तोंड म्हणून त्यानं दाखवलं काय, तर आमच्या झऱ्याची कपार. साऱ्या वाडीचं पिण्याचं पाणी तिथलं, आणि तीच सुरुंगानं फोडायची ठरली. सरपंच नवा सदरा घालून कॅमेऱ्यापुढं मान डोलवत होता. त्याला कसली लाज.

तेव्हा यल्लूबाई पुढं झाली. जन्मभर विहिरी खोदलेली बाई ती.

"साहेब, खाण केवढी होती?"

"शेकडो मजूर शंभर वर्षं खोदत होते, मावशी."

"मग खोदलेला मुरूम कुठं टाकला? उंदीर बीळ करतो, तरी दाराशी ढीग घालतो. इथं तर पाटीभरही पडलेला नाही."

साहेब हसला. "पावसानं वाहून गेला. इतक्या वर्षांत राहतोय होय?"

"आणि त्यातलं सोनं?"

"थोडं तेही गेलं असणार."

"मग झालं की. डोंगराचं सगळं पाणी खालच्या तळ्यात जातं. सोनं गाळात आयतं येऊन पडलंय, तर वर खडक कशाला फोडता?"

कॅमेरा चालू होता. नाही म्हणावं, तर साहेबाची खाणच खोटी ठरत होती. त्यानं दोन जेसीबी तळ्यात उतरवले आणि चार दिवस गाळ उपसला. सोनं काही निघालं नाही, पण तळं दुप्पट खोल झालं.

"खाण शेजारच्या तालुक्यात असावी," असं सांगून साहेब गाडीत बसला.

यल्लूबाईनं काचेशी वाकून विचारलं, "तिथं खाली कुठल्या गावचं तळं आहे, साहेब?"