स्टेअरिंगखालची काळी डबी

मंगळवार, ४ मार्च. सकाळी नऊलाच ऊन कडक. वारा अजिबात नाही.

“...ते सगळं राहू द्या अण्णा. हे काय आहे, एवढंच सांगा. तक्रारीत नाव लिहायचंय.”

जयवंत निकमनं प्लॅस्टिकची पिशवी बाकावर ठेवली. पिशवीत काडेपेटीहून थोडी मोठी अशी एक काळी डबी होती. तिला दोन वायरी, एक लाल आणि एक काळी. डबीवर नाव नव्हतं. जिथं कागद चिकटवलेला असावा तिथं कुणीतरी ब्लेडनं खरवडून काढला होता.

नेमण्णा मगदूम जयसिंगपुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करत, त्याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. पत्र्याचं एक शेड, दारात एक बाक. जयवंत याच बाकावर नऊ वर्षं शिकला. आता बायपासला त्याचं स्वतःचं गॅरेज होतं. सात माणसं, दोन लिफ्ट, आणि गाडीला लावलं की पडद्यावर दोष दाखवणारं यंत्र. फोनवर इंजिनचा आवाज ऐकून जयवंत बिघाड सांगतो, असं लोक म्हणत. लोक असं म्हणतात, हे जयवंतही सांगत असे.

नेमण्णा वायर सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कुठं सापडली?”

“माझ्या गाडीत. माझ्या स्वतःच्या. स्टेअरिंगखाली, फ्यूजच्या डब्यामागं. शुक्रवारी संध्याकाळी घरी दारातच काढली.”

बाकाच्या दुसऱ्या टोकाला मारुती आवळे बसला होता. त्याच्या रिक्षाचा हॉर्न दुरुस्तीला होता. तो पिशवीपासून वीतभर सरकला.

“मालक, बॉम्ब असला म्हणजे?”

“बॉम्ब असता तर चार दिवस मी जिवंत राहिलो असतो का?”

“ते बी खरं. पण तुमच्या नशिबावर मी का बसू? मला दुपारी शाळेची पोरं सोडायची हायत.”

तो आणखी वीतभर सरकला. पुढं बाक संपला.

“यंत्रावर दिसत नाही,” जयवंत म्हणाला. “म्हणजे गाडीच्या कंपनीची नाही. आतलं बोलणं ऐकणारी असेल, लांबून इंजिन बंद पाडणारी असेल, नाहीतर गाडी कुठं फिरते ते कुणाला तरी कळवणारी असेल. हवालदार म्हणाला, उघडायची नाही, पुरावा आहे. आणि नुसतं ‘अनोळखी वस्तू’ लिहून चालणार नाही. जाणत्या माणसाकडून नाव लिहून आणा म्हणाला. अकराला बोलवलंय.”

“आणि तू जाणता नाहीस?”

“आहे की!” जयवंत पटकन म्हणाला. “पण तक्रार माझीच. दुसऱ्याची सही पाहिजे.”

नेमण्णांनी पिशवीला हात लावला नाही.

“काढल्यावर काय बंद पडलं?”

हा प्रश्न जयवंतानं याच बाकावर पहिल्या आठवड्यात ऐकला होता. अनोळखी वायर दिसली की नेमण्णा पुस्तक उघडत नसत. वायर सोडवत आणि गाडीत काय बंद पडतं ते बघत. जे बंद पडेल ते त्या वायरीचं काम.

“काही नाही. दिवे, हॉर्न, काचा, एसी, गाणी, पाठीमागचा कॅमेरा. चार दिवस एकेक तपासलं. काही म्हणजे काही बंद पडलं नाही.”

“मग बिनकामाची असेल.”

“बिनकामाची कशी? मला पाळतीवर ठेवलंय कुणीतरी! आणि कुणी, तेही मला माहीत आहे. डबीतलं सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे ते पोलीस काढतील. दोन दिवसांत माणूस आत.”

“कोण माणूस?”

“दिलावर.”

दिलावर जयवंतच्या गॅरेजात अकरा वर्षं होता. वायरिंगचं सगळं काम त्याच्याकडं.

“शनिवारी हाकलला त्याला. सगळ्यांच्या देखत. कुराणावर हात ठेवून सांगतो म्हणाला, मी नाही. मी म्हटलं, कुराण राहू दे, या दोऱ्यावर हात ठेव.”

जयवंतानं पिशवी उलटी केली. वायरींच्या जोडावर टेप नव्हती. मेण लावलेला पांढरा दोरा होता, वेढ्याला वेढा घट्ट टेकवून गुंडाळलेला. शेवटचं टोक वेढ्यांखाली असं ओढून घेतलेलं की कुठून सुरू झालं आणि कुठं संपलं ते सापडत नव्हतं.

“टेप चिकटवणारे गावात शंभर आहेत. असा दोरा बांधणारे तिघंच. तुम्ही, मी, आणि मी शिकवलेला दिलावर. मी बसवली नाही. मग राहिलं कोण?”

मारुतीनं बोटं मोजली.

“तिघांतनं एक गेला की दोघं राहतात, मालक.”

“अण्णांना धरतोस व्हय रे त्यात?”

“मी रिक्षावाला. मला बेरीज-वजाबाकी तेवढीच येती.”

“तोंड बघून बोल जरा.”

नेमण्णांनी हातातली सुरी खाली ठेवली.

“मारुती, जा, चहा सांगून ये.”

“तीन सांगू?”

“दोन. तू तिथंच पिऊन ये. सावकाश पी.”

मारुतीनं दोघांकडं बघितलं आणि गेला.

...

“मला का वगळलंस?” नेमण्णांनी विचारलं.

“कशातनं?”

“तिघांतनं.”

जयवंत हसला. “तुम्ही गुरू, अण्णा.”

“म्हणून?”

जयवंताचं हसू तोंडावर तसंच राहिलं. पण आता त्याला काही आधार नव्हता.

“खंडेनवमीला गाडी कुठं होती?”

खंडेनवमीला हत्यारं पुजायची. त्या दिवशी नेमण्णांचे जुने शिष्य आपापली गाडी घेऊन शेडवर येत. नेमण्णा गाडीला हार घालत, बॅटरी तपासत, एखादी सैल वायर घट्ट करून देत. जयवंतानं सव्वीस वर्षांत एकदाही चुकवलं नव्हतं. मागच्या खंडेनवमीलाही त्यानं चावी या बाकावर ठेवली होती आणि तासभर बाजारात जाऊन आला होता.

“...तुम्ही?”

“व्हय.”

“तुम्ही माझ्या गाडीत...? मला न विचारता?”

“विचारलं असतं तर बसवू दिली असतीस?”

जयवंत उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढला. “कुणी सांगितलं तुम्हाला? किती दिलं? या वयात तुम्ही माझ्यावर...”

“काढल्यावर काय बंद पडलं?”

“सांगितलं की! काही नाही!”

“गाडीत नाही. घरात.”

...

शेडमधला पंखा फिरत होता. त्याचा वारा जयवंतापर्यंत पोचत नव्हता.

घरात काय बंद पडणार? दूध येत होतं. टीव्ही चालू होता. शनिवारी पाणी आलं होतं. बायको नेहमीसारखी चहा देत होती. डाव्या हातानं. सव्वा वर्षापूर्वी शालनला अर्धांगाचा हलका झटका आला होता. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं. उजवा हात खांद्याच्या वर गेला नाही तो नाहीच.

काल सकाळी ती चहा घेऊन आली तेव्हा तिचे केस तोंडावर आले होते. मानेवर एक रबर कसाबसा अडकवलेला. एका हातानं जेवढं जमेल तेवढं. परवाही तसंच होतं. त्यानं म्हटलं होतं, “हा काय अवतार?” तिनं डाव्या हातानं केस मागं सारले होते.

एरवी तिची वेणी तेल लावून, चापून घातलेली असायची. मागं एकदा त्यानं विचारलं होतं, कोण घालून देतं? शेजारच्या आक्का, ती म्हणाली होती.

आक्का दिवाळीत मुलाकडं नाशिकला गेल्या. त्यांना गाडीत बसवायला जयवंत स्वतः स्टेशनवर गेला होता. आक्का अजून आल्या नव्हत्या.

तो परत बाकावर बसला.

“शालनची वेणी,” तो म्हणाला.

नेमण्णांनी सोललेल्या वायरी एका बाजूला केल्या.

“...कोण घालत होतं, अण्णा?”

“ते तू सांग.”

ते नाव त्याच्या घरात सतरा महिने कुणी घेतलं नव्हतं. केतकी, त्याची एकुलती एक मुलगी. इचलकरंजीच्या दवाखान्यात रक्त तपासायचं काम करते. तिथल्याच एका मुलाशी, जातीबाहेर, कोल्हापुरात नोंदणी करून लग्न केलं आणि मग पेढे घेऊन बापाच्या गॅरेजवर आली.

“काय म्हणाला होतास तिला?”

“कशाला आता...”

“म्हण. जसं म्हणालास तसं म्हण.”

जयवंतानं पायाकडं बघितलं.

“म्हणालो... माझी गाडी दारात उभी असेल तोवर तुझं पाऊल या घरात पडता कामा नये.”

“सात माणसांच्या देखत.”

“रागात होतो, अण्णा.”

“ती शुद्धीत होती.”

चहा आला. चहावाल्यानं दोन ग्लास ठेवले. दोघांनीही हात लावला नाही.

“आईला झटका आल्यावर कोपऱ्यावर उभी राहायची,” नेमण्णा म्हणाले. “तुझी गाडी गेली की आत. एकदा तू काही विसरलास म्हणून अर्ध्या वाटेतनं परत आलास. तिनं परसातल्या भिंतीवरनं उडी टाकली. पाय मुरगळला. शालननं खिडकीतनं बघितलं आणि तोंडावर हात धरला, ओरडली असती तर तुला कळलं असतं. मग माझ्याकडं आली. म्हणाली, अण्णा, आई फोन करायला भिते, आणि बाबांचा शब्द मोडायचा नाही. गाडी दारात नाही एवढं मला कळत राहिलं की पुरे.”

“शालनला माहीत होतं?”

“वेणी तिच्या डोक्यावर होती.”

जयवंतानं पिशवीतल्या डबीकडं बघितलं. गाडी कुठं आहे ते कळवणारं यंत्र. तीन तर्क केले होते, त्यांतला तिसरा बरोबर निघाला होता.

“मग शुक्रवारपासून ती...”

“तू डबी दारात काढलीस. डबी शेवटचं जे बोलली ते दारातनं बोलली.” नेमण्णांनी चहाचा ग्लास बाजूला सरकवला. “केतकीच्या फोनवर तुझी गाडी चार दिवस दारातच उभी आहे.”

...

जयवंतानं खिशातून फोन काढला. बोट फिरवलं. मग थांबला. तो नंबर त्यानं पेढ्यांच्या दिवशीच पुसून टाकला होता.

“नंबर द्या. बोलवून घेतो. आत्ताच्या आत्ता.”

“काय बोलशील?”

“म्हणेन... झालं ते झालं. ये म्हणेन. तिनं फक्त एकदा, चुकलं म्हणून कबूल केलं की मीपण...”

नेमण्णांनी सुरी उचलली आणि वायर सोलायला घेतली.

जयवंताचं वाक्य तिथंच राहिलं. त्यानं ते पुरं करायचा प्रयत्न केला. ओठ हलले. दुसरं वाक्य धरून बघितलं, तेही अर्ध्यात सुटलं. गिऱ्हाइकाशी तासभर बोलणारा माणूस. त्याला मुलीशी बोलायचे चार शब्द जुळवता येईनात. वायरीचं प्लॅस्टिक सोललं जाण्याचा तेवढा आवाज येत होता.

“दिलावर...” तो म्हणाला.

“काल कागलला कामाला लागला. बिऱ्हाड उद्या हलवणार आहे.”

“तुम्ही त्याला सांगितलं नाहीत, तुम्ही बसवली म्हणून?”

“सांगितलं. तो म्हणाला, मालकाला सांगू नका. पोरीचं येणं बंद होईल.”

जयवंतानं दोन्ही तळहात तोंडावरून फिरवले. बाहेर मारुती लांबूनच येताना दिसला, दोघांना बघून परत चहाच्या गाड्याकडं वळला.

“अण्णा, ही डबी... होती तशी बसवून द्या.”

“तू बसव.”

“माझा हात...”

“नऊ वर्षं शिकलास.”

जयवंतानं पिशवी फाडली. पुरावा फाटला. तो शेडसमोर उभ्या केलेल्या आपल्या गाडीत पाय बाहेर टाकून, मान स्टेअरिंगखाली घालून आडवा झाला. जोड त्यानं शुक्रवारी कात्रीनं कापला होता. उरलेल्या वायरी तोकड्या पडत होत्या. त्यानं वायरीचा नवा तुकडा मागितला, नेमण्णांनी दिला. टेप मागितली. नेमण्णांनी मेणाच्या दोऱ्याचं रीळ त्याच्या पोटावर ठेवलं.

पहिल्यांदा वेढे सैल झाले. त्यानं सोडले. दुसऱ्यांदा टोक बाहेर राहिलं. पुन्हा सोडले. अकराला त्याचा फोन वाजला, हवालदाराचा असावा. त्यानं तो वाजू दिला. तिसऱ्यांदा दोरा बसला, टोक आत गेलं.

अकरा वाजून सात मिनिटांनी डबीचा हिरवा दिवा लागला.

जयवंत बाहेर आला. शर्टाच्या पाठीला मातीचा पट्टा, कपाळावर घाम. त्यानं गाडीचं दार लावलं, परत उघडलं आणि स्टेअरिंगवर बसला. चावी फिरवायच्या आधी मान बाहेर काढली.

“अण्णा... आता घरी जाऊ?”

नेमण्णा दारापर्यंत आले. त्यांनी उघड्या दारातून स्टेअरिंगखाली वाकून तो जोड बघितला, बोटानं एकदा चाचपला.

“नको. लांब जा.”