देवळाची सावली

“...आणि समोर नसलेली सावली काढायची कशी, चाचा?”

दस्तगीरचाचांनी मान वर केली नाही. ते ऊद फोडत बसले होते. हात कापायचे त्यांचे. एक घाव खड्यावर बसायचा, दोन खालच्या दगडावर.

“कोण विचारतंय?”

“मी. मोरेश्वर.”

“केंजळे? मोजणी ऑफिसातला?”

“थट्टा नको, चाचा.”

“थट्टा कसली? मोरेश्वर केंजळे असलं कधी विचारायचा नाही. म्हणून म्हटलं, दुसराच कोणी आला असेल.”

हे बोलणं झालं पिराच्या टेकडीवर. चैत्र होता, उन्हं कलली होती. गुरुवार नव्हता, म्हणून माणूस नाही की काणूस नाही. पायरीशी फुलांची पाटी घेऊन मी एकटी.

दस्तगीरचाचा फकीर झाले ते उतारवयात. त्याआधी चाळीस वर्षं त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा, नदीकाठचा. गावोगावच्या जत्रांत त्यांचेच पडदे लागायचे. मग हात कापायला लागले. एक दिवस रंगाचे डबे लोकांना वाटून टाकले आणि पिरापाशी येऊन बसले, ते बसलेच.

मोरेश्वरला ब्रश धरायला त्यांनीच शिकवलं. पाणी किती, रंग किती, कागद ओला असताना काय करायचं, सुकल्यावर काय करायचं नाही, सगळं.

पण शिष्याला पुढे डोळा फुटला. नोकरी जमिनी मोजायची, त्यामुळे नजर साखळीसारखी सरळ. दर रविवारी उजाडायच्या आत स्कूटरवर तिपाई बांधायची, छत्री घ्यायची, फळीवर कागद ताणायचा आणि नदी गाठायची. अकरा वर्षं. थंडी नाही, ऊन नाही, सण नाही, पाहुणे नाहीत. डोळ्यांसमोर असेल तेच काढणार. नसेल ते काढणार नाही. फोटो बघून चित्र काढणाऱ्यांना तो हमाल म्हणायचा.

एकदा उरुसात चार माणसांसमोर चाचांनाच म्हणाला होता, “तुमच्या जंगलात ऊन कुठल्या बाजूनं येतं तेच कळत नाही, चाचा. सगळंच खोटं.”

चाचा म्हणाले होते, “अरे बाबा, त्याच जंगलात सोमवारी सीता हरवायची आणि मंगळवारी राजा शिकारीला यायचा. ऊन कुणाच्या बाजूचं ठेवू?”

सगळे हसले. मोरेश्वर नाही हसला.

तोच मोरेश्वर आज असलं विचारत होता.

“काय आणलंयस बगलेत?” चाचा म्हणाले.

त्यानं पंचा सोडला. आत फळी, फळीवर चित्र. मीही उठून बघायला गेले. मला चित्रातलं काय कळणार? पण नदी लगेच ओळखली. पलीकडची मोठी चिंच, महादेवाचं लहान देऊळ, मधे वाळू. वाळू अशी उतरली होती, की वाटावं पाय ठेवला तर भाजेल.

चाचा बघत राहिले. बराच वेळ.

“चांगलं झालंय,” ते म्हणाले.

अकरा वर्षांत हा शब्द त्यांनी मोरेश्वरला दिला नव्हता. ज्याला मिळाला त्याचा चेहरा फुलायला हवा होता. मोरेश्वरचा आणखीच पडला.

“नीट बघा ना, चाचा.”

“बघतोय की. चिंचेची सावली इथवर गेलीय. लांब.”

“हो.”

“देवळाची मात्र पायाशी गोळा होऊन बसलीय.”

“...हो.”

“म्हणजे चिंचेला वाजलेत नऊ आणि देवळाला बारा.”

मोरेश्वर त्यांच्यासमोर खाली बसला.

उघड्यावर बसून चित्र काढणाऱ्यांची ही चूक असते म्हणे. ऊन पुढे सरकतं, हात आपल्याच तंद्रीत. एक झाड सकाळी होतं, दुसरं दुपारी. पण ही नवशिक्याची चूक. पहिल्या वर्षातली.

“सावली आधी पेन्सिलीनं बांधून ठेवायची, मग रंगाला हात लावायचा,” चाचा म्हणाले. “पहिल्या दिवशी सांगितलं होतं तुला.”

“विसरलो. त्या दिवशी हात असा चालला होता, चाचा... असा कधी चालला नव्हता.”

“कुठल्या दिवशी?”

मोरेश्वरनं पंचा उचलून त्याची घडी घालायला घेतली.

“कुठल्या दिवशी, बाळ?”

“कुमुद गेली त्या दिवशी.”

कुमुद त्याची बायको. माझ्याकडून दोन गजरे न्यायची. एक पिराला, एक स्वतःच्या डोक्यात. मी म्हणायची, दोन्ही तूच माळ की ग. ती म्हणायची, “मावशी, एकच पुरे. बघायला घरी कोण असतं रविवारी?”

मागच्या चैत्रात गेली ती.

त्या दिवशी पहाटेच ती नवऱ्याला म्हणाली होती, की छातीवर दगड ठेवल्यासारखं होतंय, डॉक्टरकडे नेता का. तो म्हणाला, आज रविवार, डॉक्टर दहाशिवाय येत नाही. मी नऊला उठतो, साडेनऊला घरी. तयार होऊन बस.

दहा वाजून गेल्यावर ती गेली. घरी कोणी नव्हतं.

तो सगळ्यांना सांगत आला होता, की मी नऊलाच उठलो होतो. वाटेत स्कूटर पंक्चर झाली. रविवारी दुकानं बंद. ढकलत आलो. गावानं विश्वास ठेवला. दुसऱ्यांच्या बांधाचं वीतभर इकडचं तिकडे होऊ न देणारा माणूस, तो कशाला खोटं बोलेल?

चाचांनी हातातला दगड बाजूला ठेवला.

“पंक्चर?”

“...नव्हती झाली.”

“फोन?”

“बंद ठेवतो मी. काढताना.”

“कितीला उठलास?”

“बारा वाजून गेल्यावर. देऊळ झालं तेव्हा.”

मी माझ्या पाटीपाशी परत आले. तीच झेंडूची फुलं उचलून पुन्हा तिथेच ठेवत राहिले. जाऊ कुठे? कान तर मिटता येत नाहीत.

“वर्ष झालं,” चाचा म्हणाले. “आज का आणलंस?”

“परवा वर्षश्राद्ध. रेवती येतेय.”

रेवती त्याची एकुलती एक मुलगी. नाशिकला दिलेली.

“ती म्हणते, आईच्या फोटोखाली तेच चित्र लावायचं. म्हणते, बाबा, आईचा शेवटचा रविवार आहे त्यात. पाहिलं नाहीय अजून तिनं.”

“लाव मग.”

“तिला सावली वाचता येते, चाचा!”

एवढा मोठ्यानं ओरडला, की टेकडीवरचे पारवे उडाले. मग आवाज बसला त्याचा.

“लहान होती तेव्हा मांडीवर घ्यायचो. कॅलेंडरवरची चित्रं दाखवायचो. सांग बरं रेवू, ह्यात किती वाजले? पाच मिनिटं इकडे तिकडे नाही, बिनचूक सांगायची. मीच शिकवलंय. दारातून आत येईल, चपला काढायच्या आधी तिला कळेल.”

“मग सांगून टाक.”

“तेरा दिवस माझा हात धरून बसली होती. सगळ्यांना सांगत होती, बाबा वेळेवर निघाले होते हो, नशीबच फुटकं. तिला कुठल्या तोंडानं सांगू? आई गेलीच. आता बापही जाईल तिचा.”

“फाड मग. म्हण, वाळवी लागली.”

मोरेश्वर चित्राकडे बघत राहिला.

“दोनदा हातात घेतलं,” तो म्हणाला. “नाही फाडवत. एवढं चांगलं... पुन्हा जमायचं नाही मला.”

चाचांनी तेव्हा पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. असं बघणं मी त्यांच्याकडून आधी पाहिलं नव्हतं. रागाचं नव्हतं. राग असता तर बरं झालं असतं.

थोड्या वेळानं मोरेश्वरच सांगायला लागला, मोजणी ऑफिसात नकाशा समजावून द्यावा तसा.

“पाण्याच्या रंगात सावली पुसता येत नाही. वाढवता येते. म्हणजे चिंचेची कमी करून बारा करता येणार नाहीत. पण देवळाची लांबवली तर... सगळीकडे नऊ वाजतील.”

“मग लांबव.”

“देवळाची नऊची सावली मी पाहिली नाही. तेव्हा मी चिंचेत होतो.”

“आजही चैत्रच आहे. उद्या नऊला जा, बघून ये.”

“नदीवर नाही जाववत. वर्षात नाही गेलो.”

“मग?”

“मला न पाहिलेलं काढता येत नाही, चाचा. तुम्हाला येतं. तुम्ही चाळीस वर्षं...”

“खोटं रंगवलं.”

मोरेश्वरनं फळी त्यांच्यापुढे सरकवली.

“शिकवा मला,” तो म्हणाला.

वाटलं, आता चाचा ह्याला टेकडीवरून हाकलणार. निदान दोन शब्द तरी सुनावणार. म्हाताऱ्याला बोलता यायचं, नाही असं नाही. नाटकवाल्यांत आयुष्य गेलेलं.

चाचा म्हणाले, “रंग आणलेत?”

त्यानं पिशवीतून डबी काढली.

“मावशी, पाणी दे ग जरा.”

फुलांवर शिंपडायचा तांब्या मी पुढे केला. चाचांनी डबीच्या झाकणात निळा घेतला, त्यात काळपट तपकिरी घातला. कापऱ्या हातानं घोटला. दोन थेंब पाणी. आणखी एक. मग चित्रातल्या वाळूवर बोट धरलं, टेकवलं नाही, वरच्यावर धरलं.

“पायरीपासून सुटायचं. चिंचेच्या सावलीला धरून तिरकं जायचं. कळसाचं टोक इथं येईल. कड जवळ असताना गडद, लांब जाताना फिकी. एकदाच ओढायची. मागे वळायचं नाही.”

“तुम्ही ओढा.”

“माझा हात कापतो. तुझा कापतो?”

मोरेश्वरनं आपला हात समोर धरून पाहिला.

“नाही.”

“मग तूच.”

त्यानं ब्रश घेतला. श्वास रोखला. आणि ओढली. एका दमात, पायरीपासून टोकापर्यंत.

नाही कापला हात.

सावली ओली होती, चकाकत होती. तिघंही सुकायची वाट बघत बसलो. चाचांनी निखाऱ्यावर ऊद टाकला.

सुकली.

काय सांगू... मघाची ती भाजणारी वाळू निवली. देऊळ जागचं हललं नव्हतं, चिंच तीच, नदी तीच, आणि दुपारची सकाळ झाली होती. वाटावं, आत्ता कोणीतरी घागर घेऊन नदीवर येईल.

मोरेश्वर गुडघ्यांवर आला. चित्र जवळून पाहिलं, लांबून पाहिलं. फळी वर-खाली केली. वर्षभरात त्याच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा रंग पाहिला.

“कळणार नाही,” तो म्हणाला. “चाचा, रेवतीला कळणार नाही!”

“नाही कळायचं.”

“कुणालाच नाही.”

“कुणालाच नाही.”

“बरोबर पडलीय ना?”

“अगदी बरोबर पडलीय. मला इतकी बरोबर कधी जमली नाही.”

मोरेश्वरनं चाचांच्या पायांवर डोकं ठेवलं. रडला थोडा. मग डोळे पुसून पंचा गुंडाळायला लागला. हात भराभर चालत होते. फ्रेमवाला सहाला बंद करतो, असं काहीतरी पुटपुटत होता.

चाचांनी हात लांब करून फळीवर ठेवला.

“मोरेश्वर, किती वाजले?”

त्यानं मनगट वर केलं.

“घड्याळात नाही. इथं.”

“...नऊ.”

“देवळाला?”

“नऊ.”

“चिंचेला?”

“नऊच, चाचा. सगळीकडे नऊ. तुम्हीच तर...”

“इथून घर किती लांब?”

“स्कूटरनं अर्धा तास.”

“आणि कुमुद?”

मोरेश्वरच्या हातातून पंचा निसटला. पंच्याचं एक टोक हातात, एक जमिनीवर. ब्रश ओढताना न हललेला हात आता लटलटायला लागला.

खालच्या रस्त्यानं एक एस.टी. गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत तो तसाच.

“बसलीय...” तो म्हणाला. “दारात. चपला घालून. वाट बघतेय.”

चाचांनी फळीवरचा हात काढून घेतला.

“मग ऊठ की. अजून पोचशील.”