रानकोंबडीची चार अंडी

फार पूर्वी, पाखरं एकमेकांना काकू, वहिनी म्हणायची तेव्हाची ही गोष्ट. करवंदीच्या जाळीत एक रानकोंबडी चार अंडी उबवत बसली होती. पहिलीच वेळ होती तिची. आनंद पोटात मावत नव्हता.

आधी आली लावी. "काकू, तुम्ही बसलाच आहात, तर माझी दोन ठेवू का? आत्ता येते." नाही कसं म्हणायचं? रानकोंबडी सरकली. मग बदकीण आली, तिचीही ठेवून घेतली. लांडोर तर विचारायलाही थांबली नाही. अंडी ठेवून मोराचा नाच बघायला गेली, ती गेलीच.

"किती गुणाची हो!" असं सगळ्या म्हणायच्या. गुणाची कसली डोंबलाची! हिला भिडस्त म्हणतात, भिडस्त. जिच्या तोंडून 'नाही' निघत नाही आणि म्हणून जी ती जिचा फायदा घेते, ती भिडस्त. तुमच्याही घरात एखादी असेल, बघा जरा.

पंखाखाली जागा पुरेना. तेव्हा तिनं आपलीच अंडी कडेला सारली. "ही काय, घरचीच आहेत. थांबतील थोडी." अहो, अंडी कुठली थांबायला!

तिसऱ्या दिवशी शेजारची म्हातारी खार डोकावली. कडेच्या अंड्यांना हात लावून ती दचकली. "अगं, ही गार पडलीत! कोणाची?"

"माझी," रानकोंबडी म्हणाली, आणि तिला रडूच फुटलं.

खारीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. "रड बाळा, पण आधी ती आत घे. आणि त्या तिघींना हाक मार. मी नाही मारणार, तूच मार."

रानकोंबडीनं मोठ्यानं हाक मारली. "आपापली अंडी घेऊन जा. मला नाही जमायचं!" आवाज कापत होता, पण निघाला. लावी ओशाळली. बदकीण फुरंगटली. "शिष्टच झाली हो ही!" लांडोर म्हणाली. पण तिघींनी आपापली अंडी मुकाट्यानं नेली.

पुढे जाळीत तीन पिल्लं चिवचिवली. चौथं अंडं काही फुटलं नाही. तिघांना पोटाशी घेऊन रानकोंबडी त्यावर आणखी दोन दिवस बसून राहिली. कितीदा तरी त्याला म्हणाली, "चुकलं रे माझं."

म्हणून सांगते, ज्याला 'नाही' म्हणता येत नाही, त्याच्या भिडेपायी आबाळ होते ती त्याच्या सगळ्यांत जवळच्यांची.