हलगी फाटली त्या रविवारी

कुणाच्या पणज्यालाही आठवणार नाही इतक्या जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात दोन भाऊ राहत. थोरला ख्रिस्ताची सुवार्ता सांगे. धाकटा हलगी वाजवून लोकांना प्रार्थनेला बोलावी.

एकदा पैलतीरी उपदेशाला जायचे होते आणि नदीला पूर होता. नावाड्याने नाव सोडली नाही. थोरला पोहत निघाला, तो परत आलाच नाही.

रविवार उजाडला. वडीलधारे म्हणाले, "आज तूच बोल."

धाकट्याचे रक्त उसळले. "बोलतो की! असा बोलतो की तो नावाडी बायकापोरांसकट गाव सोडून पळेल!" वाचता फारसे येत नव्हते, पण शापाची वचने त्याला तोंडपाठ होती. उपदेश तयार होता!

आता लोक जमवायचे. हलगी वाजवण्याआधी जाळापासून हातभर दूर धरून हळूहळू तापवतात, मग ती कडाडते. पण धाकट्याला दम कुठला! त्याने ती थेट जाळात खुपसली. फाट्! कातडे उभे फाटले.

दारातून वहिनी म्हणाली, "भावजी, आता घरोघर जाऊन बोलवा. एकही दार टाळू नका."

"त्याचंही?"

"त्याचंही."

धाकटा धावत सुटला. एक म्हातारी म्हणाली, "अरे, उपदेश करायला निघालास की कोंबडी धरायला?" त्याला हसू आले आणि हसता हसता डोळे भरले.

शेवटचे दार नावाड्याचे. तो हातांना चिंध्या बांधून बसला होता.

त्याची बायको म्हणाली, "चार दिवस गळ टाकून नदी धुंडाळतायत. दोरानं हात सोलून निघाले. नाव सोडली असती तर दोघंही बुडाले असते. तरी म्हणतात, मी त्याला धरून का नाही ठेवलं?"

नावाडी मान खाली घालून म्हणाला, "ये बाबा. काय शिव्या द्यायच्या त्या दे."

धाकटा उंबऱ्यावरच बसला. पाठ केलेले एकही वचन ओठांवर येईना. "देवा, हे काय घेऊन निघालो होतो मी!" असे म्हणून तो ढसाढसा रडला. मग एकदम उठला. "काका, चला! आता मला बोलायचंय!"

नावाड्याला पाहताच सभेत कुजबुज झाली. कुणी दगडही उचलला.

धाकटा ओरडला, "थांबा! आपल्या प्रभूनं मारेकऱ्यांनाही क्षमा केली. यानं तर कुणाला मारलंच नाही! मला राग आला, कारण मला माझा भाऊ हवा होता. अजून हवाय."

एवढाच उपदेश. पण उचललेला दगड खाली पडला, आणि पडला तो कायमचा. नावाडी गावातच राहिला. त्या दुपारी वहिनीने त्याच्या पोरांना आपल्या घरी जेवायला बसवले.

तात्पर्य : जो उपदेश आधी सांगणाऱ्याचे काळीज बदलतो, तोच ऐकणाऱ्याच्या काळजाला पोहोचतो.